अल्पशक्ती हॅम रेडिओ आणि लघु प्रवर्धक : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दि. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. संपर्काची नेहमीची साधने अपुरी पडली असता हौशी रेडिओधारकांनी, म्हणजेच हॅम मंडळींनी, संदेशवहनास हातभार लावला. मराठवाड्याचे विभागीय मुख्यालय असलेले छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे 240 किलोमीटर अंतरावर आहे. एवढ्या अंतरावर अवघ्या 5 वॅट शक्तीच्या संचाने संदेश पाठवावयाचा झाल्यास त्यास छोटा ॲम्प्लिफायर अर्थात प्रवर्धक जोडावा, हा उपाय प्रथम सुचतो. या उपायाची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शक्तिवाढीचा हिशेब

5 वॅटचे 40 वॅट झाले म्हणजे शक्ती आठपट वाढली. तथापि ग्राहक संचावरील संकेताची पातळी 'एस' या एककात मोजली जाते आणि त्यातील एक पायरी 6 डेसिबलची असते. एक पायरी वर चढण्यास शक्ती चौपट करावी लागते. आठपट शक्ती म्हणजे 9 डेसिबल. अर्थात केवळ दीड पायरी. संदेश गोंगाटाच्या काठावर असेल, शब्द अर्धवट कळत असतील, तर ही दीड पायरी निर्णायक ठरते. संदेश मुळीच पोहोचत नसेल, तर तिचा सहसा उपयोग होत नाही. शिवाय प्रवर्धकामुळे केवळ बोलणे दूरवर जाते. समोरच्याचे क्षीण उत्तर ऐकण्याची क्षमता त्याने वाढत नाही.

रचना व पथ्ये

हौशी रचनाकारांमध्ये 'आयआरएफ 510' हा मॉसफेट ट्रान्झिस्टर विशेष लोकप्रिय आहे. मूलतः तो विद्युतप्रवाहाची उघडझाप करण्यासाठी बनविला गेला. परंतु स्वस्त असल्याने तो रेडिओ संचांत रुळला. हैदराबादचे अशर फरहान यांच्या 'बिटएक्स' या स्वतः जुळविण्याच्या संचातही त्याचा वापर झाला. 1999 मध्ये 'क्यूएसटी' या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झालेल्या एका रचनेत असे दोन मॉसफेट 28 व्होल्टवर चालवून 1 वॅटचे सुमारे 40 वॅट करण्यात आले होते.

अशा प्रवर्धकास 5 वॅटचा संच थेट जोडणे अयोग्य होय. गरजेपेक्षा अधिक शक्ती आत शिरल्यास आवाज विकृत होतो आणि त्याचे शिंतोडे शेजारच्या कंप्रतांवर उडतात. म्हणून मध्ये 7 डेसिबलचा क्षीणक बसवून 5 वॅटचा 1 वॅट करावा लागतो. दुसरे पथ्य लो-पास फिल्टरचे. 7.1 मेगाहर्ट्झच्या संकेताबरोबर 14.2 व 21.3 मेगाहर्ट्झचे गुणक संकेतही निर्माण होतात. ते अँटेनेपर्यंत पोहोचू न देणे ही प्रक्षेपकाची जबाबदारी आहे. तिसरे म्हणजे पुरेसे मोठे हीट सिंक व नीट जुळलेली अँटेना. अन्यथा परतून आलेली शक्ती ट्रान्झिस्टर जाळू शकते. परवान्यातील शक्तिमर्यादेचे बंधन अर्थातच सर्वांवर राहते.

लहरींचा मार्ग

144 मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणतः नजरेच्या रेषेत जातात. 240 किलोमीटरच्या वाटेत पृथ्वीचा गोलावा व डोंगर आडवे येतात. तेथे 40 वॅटही अपुरे पडतात. याउलट 7 मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा आयनावरणावरून परावर्तित होतात. परावर्तन 300 किलोमीटर उंचीवर होते असे धरल्यास या अंतरासाठी लहर सुमारे 68 अंशांच्या चढ्या कोनात सोडावी लागते. त्यासाठी उंच मनोरा नको. सुमारे 20 मीटर लांबीची तारेची द्विध्रुव अँटेना जमिनीपासून 5 ते 10 मीटर उंचीवर ताणली तरी पुरते.

किल्लारीच्या भूकंपाची वेळ येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पहाटेपूर्वी आयनावरण सर्वांत विरळ असते. त्या वेळी अशा चढ्या कोनात सोडलेली 7 मेगाहर्ट्झची लहर बहुधा परत न येता अवकाशात निघून जाते. मग ती 5 वॅटची असो वा 40 वॅटची. तेव्हा उपयोगी पडतो तो 3.5 मेगाहर्ट्झचा पट्टा. सूर्योदयानंतर या पट्ट्यातील लहरी आयनावरणाच्या खालच्या थरात शोषल्या जाऊ लागतात आणि पुन्हा 7 मेगाहर्ट्झकडे वळावे लागते.

विजेची मर्यादा

आपत्तीत वीजपुरवठा खंडित होतो व सारी भिस्त बॅटरीवर असते. कार्यक्षमता 50 टक्के धरल्यास 40 वॅट प्रक्षेपणासाठी 80 वॅट लागतात. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी अखंड प्रक्षेपणात 6 तासांत संपेल. 5 वॅटचा संच तीवर 48 तास चालेल. प्रत्यक्षात प्रक्षेपण अखंड नसते. तरीही हे प्रमाण ध्यानात ठेवावे लागते.

निष्कर्ष

1. काठावरचा संदेश सुस्पष्ट करणे हे लघु प्रवर्धकाचे खरे कार्य होय. नसलेला मार्ग तो निर्माण करीत नाही.
2. प्रथम वेळेनुरूप कंप्रता, नंतर अँटेना आणि अखेरीस प्रवर्धक, हा क्रम पाळावा.
3. आपत्तीत संदेश कमी शक्तीने पोहोचत असल्यास प्रवर्धक बंद ठेवावा. वाचलेली वीज ही पुढच्या संदेशाची शिदोरी असते.
4. दोन्ही पट्ट्यांवरील सराव आपत्तीपूर्वीच व्हावयास हवा. विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना हे कार्य अल्प खर्चात करता येईल.