क्षयाचे औषध मध्येच का सोडू नये

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सायंकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरले, की आम्ही वैद्यकव्यवसायी प्रथम बेडका तपासावयास सांगतो. लाळ नव्हे, छातीतून आलेला बेडका. हा भेद रोग्यास नीट समजावला नाही तर तपासणी व्यर्थ जाते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविलेला हा जंतू फार सावकाश वाढतो. उपचार लांबतो तो बहुतांशी त्यामुळेच.

नेहमीच्या क्षयावर पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढे चार महिने त्यांतील काही. (रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते, त्याने घाबरू नये.) पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि नेमका तेथेच रोगी औषध सोडतो. सुस्त पडलेले जंतू मात्र जिवंतच असतात. ते पुन्हा वाढतात. अपुऱ्या औषधातून निगरगट्ट तेवढेच उरले असले, तर मग नेहमीची औषधे त्यांना दाद देत नाहीत.

आणि रोग्याचे ताटवाटी वेगळे करण्याची ही घाई कशाला? फुफ्फुसाचा क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. मद्रासच्या क्षयचिकित्सा केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, घरी औषध घेणारा रोगीही आरोग्यधामातल्याप्रमाणेच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्या, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि घरातील मुलांना तपासणीस घेऊन यावे.