सेगाव की शेगाव? नोंदीतल्या चुका का सापडत नाहीत

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या लहानशा खेड्यात राहायला आले, आणि देशभरातून तिथे पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यातली काही पत्रे भलतीकडे जात. बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई-नागपूर लोहमार्गावर, गजानन महाराजांचे शेगाव आहे. मराठीत दोन नावांत एका अक्षराचा फरक, आणि पत्ता इंग्रजीत लिहिला तर फक्त एका 'एच'चा. घाईत तो 'एच' पडला काय, वाढला काय, पत्र दुसऱ्या जिल्ह्यात! अखेर १९४० साली गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले.

ही गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. आम्ही ती इथे सांगतो आहोत ती एका वेगळ्या कारणासाठी. पत्त्यात कोणी 'सेगाव'ऐवजी 'सेगपव' लिहिले असते तर टपाल कारकून थबकला असता, कारण त्या नावाचे गावच नाही. 'शेगाव' मात्र खरेखुरे गाव. चुकीची नोंद तिथे अगदी बरोबर नोंदीसारखी दिसली, म्हणून कोणी थबकले नाही. नोंदीतल्या सगळ्यात त्रासदायक चुका या जातीच्या असतात.

वर्धा जिल्ह्यात अशी नावे आणखीही आहेत. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी आष्टीला बीड जिल्ह्यात जोडीदार आहे, सेलूला परभणीत आणि कारंजाला वाशीममध्ये. लोकांनी यावर आपला उपाय केव्हाच काढलेला आहे. कारंजा (घाडगे) आणि कारंजा (लाड). १९४२ च्या हुतात्म्यांमुळे वर्ध्याची आष्टी झाली आष्टी (शहीद). कंसातला शब्द खरे तर जास्तीचा, पण त्याच्यामुळे एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी गाव ओळखू येते. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज या कंसात आहे.

टपाल खात्याने हाच उपाय आकड्यांत केला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, शिवाय संस्कृत कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन सुरू झाला. सेवाग्रामचा पिन ४४२१०२, शेगावचा ४४४२०३. दोन्ही एकाखाली एक लिहून पाहा. सहापैकी तीन अंक वेगळे आहेत. अमेरिकन गणिती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली अशा फरकाला 'अंतर' ही कल्पना लावली. किती ठिकाणची चिन्हे बदलली म्हणजे एका नोंदीची दुसरी होते, ते त्या दोन नोंदींमधले अंतर. सेगाव-शेगाव यांचे अंतर एक, त्यांच्या पिनचे तीन. अंतर एक असेल तर एका चुकीने आपण थेट दुसऱ्याच्या घरात जाऊन पडतो. ते मोठे असेल तर एका चुकीने आपण मधल्या रिकाम्या जागेत पडतो, आणि रिकाम्या जागेत पडलेला माणूस लगेच दिसतो.

पण पिन हा काही अंतरासाठी आखलेला क्रमांक नव्हे. शेजारच्या दोन टपाल कचेऱ्यांच्या पिनमध्ये एकाच अंकाचा फरक असू शकतो, आणि चूक पकडण्यासाठी त्यात जास्तीचा अंकही नाही. असा अंक जोडायचाच झाला तर तो कसा काढावा? वर्गात सहज करता येण्यासारखे उदाहरण घेऊ.

पहिला विचार मनात येतो तो अंकांची बेरीज करण्याचा. ४४२१०२ ची बेरीज १३. आता लिहिताना मधल्या दोन अंकांची अदलाबदल होऊन ४४२०१२ झाले असे समजा. बेरीज पुन्हा १३ च. म्हणजे साधी बेरीज अदलाबदलीपुढे आंधळी आहे. त्याऐवजी डावीकडून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, असे सहाव्याला ६ ने गुणून मग बेरीज करा. बरोबर क्रमांकासाठी ४ + ८ + ६ + ४ + ० + १२ = ३४. चुकलेल्यासाठी ४ + ८ + ६ + ० + ५ + १२ = ३५. ११ ने भागल्यावर बाकी अनुक्रमे १ आणि २ उरते. ही बाकी क्रमांकाच्या शेवटी लिहून ठेवली असती तर चूक तिथल्या तिथे सापडली असती.

भागायला ११ च का, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. एक अंक चुकला तर बेरजेत पडणारा फरक म्हणजे त्या जागेचा भार गुणिले अंकांतला फरक. दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो फरक म्हणजे भारांतला फरक गुणिले अंकांतला फरक. या सगळ्या संख्या ११ पेक्षा लहान आणि शून्याहून वेगळ्या. ११ ही मूळ संख्या, तेव्हा अशा दोन संख्यांच्या गुणाकाराला तिने नि:शेष भाग जाणे शक्य नाही. बाकी बदलणारच. तोटा एवढाच, की बाकी कधी कधी १० येते आणि ती एका अंकात मावत नाही. पुस्तकांच्या मलपृष्ठावरच्या जुन्या दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी काही वेळा रोमन 'एक्स' दिसतो, तो हाच दहा.

'एक्स'शिवाय, केवळ दहा अंकांत हे साधता येईल का? डच गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ साली साधून दाखवले. त्यांनी नियमित पंचकोनाच्या हालचाली वापरल्या: पाच फिरवण्याच्या आणि पाच उलटण्याच्या, मिळून दहा. पंचकोन आधी फिरवून मग उलटला तर एक स्थिती मिळते, आधी उलटून मग फिरवला तर दुसरी. क्रम बदलला की उत्तर बदलते, आणि अदलाबदल ओळखायला नेमके हेच हवे होते. पुठ्ठ्याचा पंचकोन कापून, कोपऱ्यांवर आकडे लिहून हे हातांनी करून पाहता येते. आपल्या आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हरहूफ यांच्या पद्धतीने काढलेला असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणक तो क्रमांक नाकारतो.

माणसे आकडे लिहिताना नक्की कशी चुकतात, हेही व्हरहूफ यांनी तपासले होते. सुमारे ७९ टक्के चुका एकच अंक बदलण्याच्या, तर सुमारे १० टक्के शेजारच्या अंकांच्या अदलाबदलीच्या होत्या. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराला भाषेचीही साथ मिळत असावी, असे आम्हाला वाटते. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, साठ नंतर, आणि लिहितो मात्र सहा आधी. डच भाषेतही एकक आधीच येतो. ६३ चे ३६ होणे म्हणजे आपल्या वाक्प्रचारातला छत्तीसचा आकडाच! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. भाषेच्या अंगाने काय योग्य ते भाषातज्ज्ञ सांगोत. तोंडी सांगितलेला क्रमांक लिहून घेणाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. दहा लांबलचक क्रमांक एकदा जोड्यांनी ('त्रेसष्ट, अठ्ठेचाळीस') आणि एकदा सुट्या अंकांनी सांगून मुलांकडून लिहून घ्या, आणि चुका मोजा.

दुसरा सापळा अंकांच्या आकाराचा. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे देवनागरी अंकांत आहेत, संगणकावरची नोंद इंग्रजी अंकांत होते. हाताने लिहिलेला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा, चार हा आठसारखा, पाच हा चारसारखा, तर सात हा सहासारखा दिसतो. एकाच पानावर दोन्ही लिप्या मिसळल्या असतील, आणि तसे होतेच, तर १४ तारीख कधी ९८ वाचली जाईल, कधी नुसती १८. त्यातली ९८ निरुपद्रवी, कारण अशी तारीखच नसते. घात करते ती १८.

हजारात एखादी चूक झाली तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. हजारात एक पत्रक चुकीचे भरले गेले असे समजा. अशी पत्रके तेराशे. एकूण बेरजेला त्याने धक्का लागत नाही. पण एखाद्या रकान्यात खरी माणसे शंभरच असतील आणि चुकलेल्यांपैकी पन्नास त्यात जाऊन बसली, तर तो आकडा दीडपट होतो.

हे नुसते कल्पनेतले नाही. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत चौदा वर्षांच्या विधुर मुलांची संख्या चमत्कारिक निघाली. पंधरा-सोळा वर्षांच्या विधुरांपेक्षा ती जास्त होती. १९६२ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील ऍन्स्ले कोल आणि फ्रेडरिक स्टीफन यांनी त्याचा उलगडा केला. माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर नोंदत. काही थोड्या कार्डांवर छिद्रे एक रकाना उजवीकडे सरकली होती, आणि एका बाबीचा आकडा शेजारच्या बाबीत वाचला जात होता. कोट्यवधी कार्डांत ती थोडी कार्डे नगण्यच. पण चौदा वर्षांचे खरे विधुर त्यांच्याहूनही नगण्य होते.

आतापर्यंतच्या चुका दिशाहीन होत्या, कधी इकडे, कधी तिकडे. सगळ्या एकाच बाजूला झुकल्या तर? खेड्यात वय विचारा. पस्तीस, चाळीस, साठ अशी उत्तरे येतील. अडतीस किंवा एकसष्ट क्वचित. लोकसंख्याशास्त्रज्ञ यासाठी व्हिपल निर्देशांक काढतात. २३ ते ६२ वयाच्या माणसांपैकी ज्यांच्या वयाच्या शेवटी ० किंवा ५ आहे ती मोजा, त्यांना एकूण संख्येने भागा आणि ५०० ने गुणा. वये खरी असतील तर उत्तर १०० च्या जवळ येते, सगळ्यांनीच गोल आकडे सांगितले तर ५००.

याचाच शाळेतला भाऊबंद म्हणजे १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख. जन्माची नोंद हाताशी नाही, वडिलांना 'पुराच्या साली' एवढेच आठवते, मूल दाखल तर करायचे आहे. गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालत. आमच्या थोरल्या पिढीतले किती जण असे एकाच दिवशी जन्मले, ते मोजताही येणार नाही. त्या गुरुजींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळे ती मुले शिकली. परिणाम मात्र अजून दिसतो: राज्यात दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी नोकर मोठ्या संख्येने एकदम निवृत्त होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. त्याआधीच्यांसाठी शाळेच्या रजिस्टरातली ओळ अजूनही तोलामोलाची आहे. जातपडताळणीत तर आजोबांच्या वेळची नोंद काढली जाते, आणि तिथे एखादे अक्षर पुसट असेल तर नातवाचा प्रवेश त्या अक्षरावर अडून राहतो.

यात आधारचा तपासणी अंक कामाला येत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. क्रमांक नियमात बसतो एवढेच तो सांगतो. तो क्रमांक याच मुलीचा आहे का, तिचे नाव बरोबर लिहिले आहे का, हे त्याला ठाऊक नसते. नावासाठी जुनाच उपाय लागतो: दोघांनी एकमेकांचे न पाहता तीच माहिती स्वतंत्रपणे भरायची आणि मग ताडून पाहायची. संशोधनात ही पद्धत रूढ आहे. श्रम दुप्पट होतात, आणि मूळ कागदच चुकीचा असेल तर दोघेही तीच चूक इमानाने उतरवतात. तेवढ्यासाठी भरलेली ओळ पालकांना मोठ्याने वाचून दाखवावी. यादी पाठवायच्या शेवटच्या रात्री हे जमत नाही, दाखल्याच्या दिवशी पाच मिनिटांत जमते.

चूक सापडल्यावर ती कशी दुरुस्त करावी यात जुनी रजिस्टरे आजच्या पडद्यापेक्षा शहाणी होती. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, तो वाचता येईल अशी, वर बरोबर शब्द, बाजूला सही आणि तारीख. खाडाखोड नाही, चिकटपट्टी नाही. संगणकावर जुना शब्द पुसूनच नवा येतो, आणि आधी काय होते हे वेगळे जपून ठेवण्याची सोय केली नसेल तर ते कायमचे जाते. गांधीजींच्या पत्रांवर १९४० च्या आधी 'सेगाव, वर्धा' असा पत्ता आहे, नंतर 'सेवाग्राम, वर्धा'. त्या पत्रांची गावनिहाय यादी संगणकाकडून करून घेतली, तर तो दोन गावे मोजेल. आणि कोणी नीटनेटकेपणासाठी सगळीकडे 'सेवाग्राम' करून टाकले, तर पत्रे शेगावला का जात होती हे यादीवरून कोणालाच कळणार नाही.