नवे आणि टिकाऊ : स्वयंसेवकांच्या संगणकप्रणालीतील मध्यम मार्ग

आमच्या निवासी विद्यालयाच्या संगणक कक्षात दर वर्षी नवे विद्यार्थी दाखल होतात आणि थोड्याच दिवसांत एक प्रश्न विचारतात : "सर, बाहेर नवी आवृत्ती आली आहे, मग आपल्याकडे जुनीच का?" प्रश्न रास्त आहे. वाशीम, रिसोड, मानोरा परिसरातील खेड्यांतून आलेल्या या मुलांपैकी अनेकांच्या वाट्याला पुस्तके, कपडे, सायकल, सारे दुसऱ्याने वापरलेलेच आलेले असते. संगणकाच्या बाबतीतही आपल्याला उरलेसुरलेच मिळाले, असे त्यांना वाटू नये, म्हणून या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

आमच्या कक्षातील संगणक डेबियन या मुक्त प्रणालीवर चालतात. इयान मरडॉक या तरुण विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. तिची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही; जगभरातील स्वयंसेवक ती घडवतात आणि सांभाळतात. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. २०२३ साली या स्वयंसेवकांची जागतिक परिषद केरळमधील कोची येथे भरली होती.

या मंडळींनी नव्याजुन्याचा प्रश्न वाद घालून नव्हे, तर कामाची विभागणी करून सोडवला आहे. डेबियनच्या एकाच वेळी तीन शाखा चालू असतात. नवी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, प्रथम 'अनस्टेबल' शाखेत येते. तेथे साधारणतः दोन ते दहा दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ती 'टेस्टिंग' शाखेत जाते. सुमारे दोन वर्षांनी या दुसऱ्या शाखेत नवी भर घालणे थांबवले जाते, काही महिने केवळ दोषनिवारण होते आणि मग ती 'स्टेबल', अर्थात स्थिर आवृत्ती म्हणून प्रसिद्ध होते. अशा आवृत्तीला दीर्घकालीन सेवेसह एकूण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आमच्या संगणकांवर आहे ती ही आवृत्ती. ती जुनी आहे, पण टाकून दिलेली नाही. ती पारखून घेतलेली आहे.

तथापि पारख करता करता फार उशीर झाला, तर स्थैर्याचे साचलेपण होते. डेबियनची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि तिच्यानंतरची थेट जून २००५ मध्ये. या जवळजवळ तीन वर्षांत बाजारात नवी यंत्रे आली आणि जुन्या प्रणालीला ती ओळखता येईनात. त्याच सुमारास, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर 'उबुंटू' अवतरली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचा तिचा शिरस्ता अनेकांना भावला. परंतु दर सहा महिन्यांनी सारे बदलणे कार्यालयांना व शाळांना पेलत नाही, हे ध्यानी घेऊन २००६ साली उबुंटूनेही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती काढली. दोन टोकांवरून निघालेल्या दोन्ही समूहांना अखेर मधली वाट धरावी लागली.

या व्यवस्थेची खरी कसोटी मार्च २०२४ मध्ये लागली. 'एक्सझेड' ही फायली संकुचित करणारी छोटी आज्ञावली असंख्य संगणकांत असते. तिचा भार दीर्घकाळ मुख्यतः एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. एका अनोळखी व्यक्तीने मदतनीस म्हणून दोनेक वर्षे विश्वास संपादन केला आणि नव्या आवृत्तीत छुपा चोरदरवाजा बसवला. ती आवृत्ती डेबियनच्या पहिल्या दोन शाखांपर्यंत पोहोचली होती, स्थिर शाखेत मात्र नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते 'अनस्टेबल' वापरत होते. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून त्यांनी शोध घेतला आणि २९ मार्च रोजी हा कट उघड केला. स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले, ते जुन्यास धरून राहिल्यामुळे हे खरे. पण कोणीतरी नवे वापरत होता, म्हणूनच ते पुढेही वाचले. तो कोणी नसता, तर तेच विष कालांतराने स्थिर शाखेतही उतरले असते.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली, तेव्हा संघाची इच्छा असल्यास लहानसहान नियम वगळण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली होती, असे आनंदांनी सांगितले. परंतु लहानसहान म्हणजे नेमके कोणते, यावर एकमत होईना. तेव्हा महाकाश्यपांच्या प्रस्तावानुसार संघाने सर्वच नियम कायम ठेवले. काय बदलावे हे ठरेपर्यंत चालते आहे ते मोडू नये, हा त्यामागचा विवेक. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, एका पिढीने पुढच्या पिढीला कायमचे बांधून ठेवू नये, या जेफरसन यांच्या विचाराचा दाखला दिला आणि संविधानात दुरुस्तीची वाट खुली ठेवल्याचे स्पष्ट केले. कलम ३६८ हीच ती वाट : बदल शक्य आहे, पण ठरलेल्या पायऱ्या चढूनच.

म्हणून कक्षात आम्ही साधा नियम पाळतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या तात्काळ. आवृत्ती बदलणे फक्त उन्हाळी सुट्टीत, परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत कदापि नाही. एका संगणकावर मात्र 'टेस्टिंग' शाखा ठेवावी आणि तिच्यात आढळलेले दोष विद्यार्थ्यांनी स्वतः कळवावेत, असा आमचा मानस आहे. मराठी जोडाक्षर चुकीचे उमटले, तर ते आपल्या मुलांच्या डोळ्यांना जितक्या लवकर खुपेल, तितके परदेशातील स्वयंसेवकाला खुपणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच : विद्यालयाला देणगी अवश्य द्या, पण आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्याकाठी काही तास एखाद्या मुक्त आज्ञावलीची चाचणी, दुरुस्ती वा मराठी भाषांतर यांसाठीही द्यावेत. अनोळखी माणसांच्या अशाच श्रमदानावर आपला संगणक कक्ष चालतो आहे. त्याची परतफेड करण्याची कुवत आता आपल्यात आली आहे.