ऐकून दिलेला नकार

न्यायाधीशाची नेमणूक हा राजकारणाचा विषय असावा का, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण लगेच ‘नाही’ म्हणतील. मीही तसेच म्हणत असे. मी कायद्याचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून जमेल तसा वाचत आलेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वी रॉबर्ट बोर्क या अमेरिकी न्यायाधीशाच्या १९८७ सालच्या सुनावणीचा वृत्तान्त वाचायला घेतला, आणि माझ्या त्या ठाम ‘नाही’ला पहिला तडा गेला. राजकारण असावे की नसावे, हा मूळ प्रश्नच नाही. विरोध कसा करावा, हा आहे, असे आज मला वाटते. ते का वाटते, हे या लेखात मांडतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात. त्यांना निवृत्तीचे वय नाही. एकदा नेमलेला न्यायाधीश मरेपर्यंत किंवा स्वतःहून पद सोडेपर्यंत राहू शकतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण नेमणुकीला सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ लागते. म्हणजे राजकारण या दारातून चोरपावलांनी शिरलेले नाही. घटनाकारांनीच ते दार ठेवले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरन्यायाधीशपदासाठी दिलेले जॉन रटलेज यांचे नाव सिनेटने १७९५ मध्येच फेटाळले होते. त्यांनी इंग्लंडबरोबरच्या तहाविरुद्ध भाषण केले होते, हे त्यामागचे मोठे कारण.

पुढे १९१६ मध्ये लुई ब्रँडाइस यांचे नाव आले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यापासून वकीलवर्गातील धुरिणांपर्यंत अनेकांनी विरोध केला. ब्रँडाइस मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध लढलेले वकील होते, शिवाय ज्यू होते. या न्यायालयात तोवर एकही ज्यू न्यायाधीश झालेला नव्हता. चार महिने वाद चालला. साक्षीदार बोलावले गेले, मात्र खुद्द ब्रँडाइस समितीपुढे आलेच नाहीत. उमेदवाराने स्वतः हजर राहण्याची तेव्हा रीत नव्हती. अखेर ४७ विरुद्ध २२ मतांनी त्यांची नेमणूक झाली.

आता १९८७. जूनच्या अखेरीस न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी निवृत्ती जाहीर केली. न्यायालय जवळजवळ निम्मे-निम्मे विभागलेले होते आणि अनेक प्रकरणांत पॉवेल ज्या बाजूला जात, ती बाजू जिंकत असे. त्यांच्या जागी रोनाल्ड रेगन यांनी १ जुलैला बोर्क यांचे नाव दिले. विद्वत्तेच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती: येल विद्यापीठातील प्राध्यापक, माजी सॉलिसिटर जनरल, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातील न्यायाधीश. तरीही त्यानंतर तासाभरातच एडवर्ड केनेडी सिनेटमध्ये उभे राहिले. बोर्क यांच्या अमेरिकेत स्त्रियांना गर्भपातासाठी चोरवाटा धराव्या लागतील आणि कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात वेगळे बसावे लागेल, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. ते आज वाचताना अवघडल्यासारखे होते. बोर्क यांच्या लेखनातून काढता येईल त्याहून पुष्कळ जास्त त्यात काढलेले होते.

पण विरोध त्या भाषणावर थांबला नाही, आणि महत्त्वाचे ते पुढचेच आहे. विरोधकांनी बोर्क यांचे लेखन वाचायला घेतले. १९६३ मध्ये त्यांनी एका नियतकालिकात नागरी हक्क विधेयकावर टीका केली होती. दुकानदाराने वा खाणावळवाल्याने कोणाला आत घ्यावे, हे सरकारने सक्तीने ठरवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते मत आपण सोडले, असे त्यांनी पुढे १९७३ मध्ये सांगितले. १९७१ च्या एका लेखात, घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य फक्त राजकीय भाषणापुरते आहे, असे त्यांनी लिहिले होते. विवाहित जोडप्यांनाही संततिनियमनाची साधने वापरण्यास बंदी करणारा कनेक्टिकट राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये रद्द केला होता. त्या निकालामागचे तर्कशास्त्रही बोर्क यांना मान्य नव्हते.

बोर्क यांची भूमिका काय होती? तो कायदा चांगला आहे, असे ते म्हणत नव्हते. घटनेत ‘खासगीपणाचा हक्क’ असे शब्द नाहीत. जे लिहिलेले नाही ते न्यायाधीशाने आपल्या पदरचे घालू नये. कायदा वाईट असेल तर लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने तो बदलावा, असे त्यांचे म्हणणे होते. लिहिलेल्या हक्कांखेरीज इतरही हक्क लोकांकडे आहेत, असे अमेरिकी घटनेची नववी दुरुस्ती सांगते. तिच्याविषयी बोलताना त्यांनी शाईच्या डागाची उपमा वापरली: मजकुरावर डाग पडला असेल, तर त्याखाली काय आहे हे न्यायाधीशाने कल्पनेने सांगू नये. हे मत हास्यास्पद नाही. ते सुसंगत आहे आणि ते गांभीर्यानेच घ्यायला हवे. प्रश्न एवढाच की, ज्यांचे हक्क त्या डागाखाली आहेत, त्यांनी काय करायचे?

१५ सप्टेंबरला सुनावणी सुरू झाली. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जोसेफ बायडन. बोर्क पाच दिवस समितीसमोर बसले आणि दूरचित्रवाणीवर देश पाहत होता. १९७३ च्या ऑक्टोबरात वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी दिला. तो न पाळता दोन वरिष्ठ पायउतार झाले आणि तिसऱ्या क्रमांकावरील बोर्क यांनी तो अमलात आणला, हा इतिहासही निघाला. बोर्क यांनी प्रश्न टाळले नाहीत. प्राध्यापक विद्यार्थ्याला समजावून सांगतो तसे ते सविस्तर बोलले. या पदावर का यायचे आहे, या एका स्नेहाच्या प्रश्नावर ती आपल्यासाठी बौद्धिक मेजवानी ठरेल, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या आयुष्याचे निवाडे तिथे होणार होते, त्यांच्या कानांना हे उत्तर कसे लागले असेल, याची कल्पना करता येते.

समितीने ९ विरुद्ध ५ मतांनी प्रतिकूल शिफारस केली. पराभव दिसत असताना बोर्क यांनी माघार घेतली नाही. संपूर्ण सिनेटने मत द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. २३ ऑक्टोबरला ४२ विरुद्ध ५८ मतांनी त्यांचे नाव फेटाळले गेले. रेगन यांच्याच पक्षाचे सहा सदस्य विरोधात गेले. दक्षिणेकडील डेमोक्रॅटिक सदस्य बहुतांशी विरोधात राहिले, हे अधिक लक्षणीय. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर त्यांच्या राज्यांतील कृष्णवर्णीय मतदारांना डावलून निवडून येणे अवघड झाले होते. ज्या हक्कांची चर्चा चालली होती, त्याच हक्कांनी मतदानाचा कौल घडवला.

पुढे त्या जागी अँथनी केनेडी आले: ३ फेब्रुवारी १९८८, ९७ विरुद्ध ०. गर्भपाताच्या हक्काचा गाभा १९९२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी टिकला आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला तितक्याच फरकाने मान्यता मिळाली. दोन्ही वेळा केनेडी बहुमतात होते. एका खुर्चीवर कोण बसतो, याने किती फरक पडतो, हे सांगायला आणखी पुरावा नको.

मात्र या घटनेतून दोन्ही पक्षांनी काय धडा घेतला, हे पाहिले की मन खट्टू होते. पुढच्या उमेदवारांनी शिकलेला धडा: बोलू नका. भविष्यात समोर येऊ शकेल अशा प्रश्नावर मत देता येणार नाही, हे वाक्य कवचासारखे वापरले जाऊ लागले. पुढाऱ्यांनी शिकलेला धडा: ऐकूच नका. १३ फेब्रुवारी २०१६ ला न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले. त्याच दिवशी सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर केले की, ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षानेच भरावी. बराक ओबामा यांनी १६ मार्चला मेरिक गार्लंड यांचे नाव दिले. सुनावणी झाली नाही. मतदान झाले नाही. २९३ दिवसांनी सिनेटची मुदत संपली आणि ते नाव आपोआप रद्द झाले.

मॅकॉनेल यांच्या बाजूने हेही नोंदवायला हवे की, निवडणुकीच्या हंगामात नाव देऊ नये, असे १९९२ मध्ये भाषणातून सुचवणारे बायडनच होते. पण तेव्हा जागा रिकामी झालेली नव्हती. आणि केनेडी यांची नेमणूक निवडणुकीच्याच वर्षी, विरोधी पक्षाचे बहुमत असलेल्या सिनेटने केली होती. शिवाय २०२० मध्ये मतदानाच्या दिवसाला आठवडाभर उरला असताना त्याच मॅकॉनेल यांच्या सिनेटने एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केली. तेव्हा २०१६ चे तत्त्व आठवणीत राहिले नाही. गर्भपाताचा घटनात्मक हक्क जून २०२२ मध्ये गेला, तो या नव्या बहुमताच्या हातून.

आपल्याकडे वळून पाहिले तर तेच १९७३ साल समोर येते. त्या एप्रिलमध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि लगोलग शेलाट, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. मुंबईच्या नानी पालखीवालांसारख्या वकिलांनी कडाडून टीका केली. पण नेमणूक होण्याआधी प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आज न्यायाधीशांचे न्यायवृंद नावे सुचवते. तिथेही नागरिकाला उमेदवाराचे म्हणणे ऐकायला मिळत नाही. अमेरिकेची पद्धत आपण उचलावी, असे मी म्हणत नाही. तिचे हाल वर पाहिलेच. पण बंद दाराआड सारे शांतपणे होते म्हणून ते राजकारणाबाहेर असते, हा समज मात्र मी सोडला आहे.

बोर्क यांच्यावर अन्याय झाला, असे त्यांचे चाहते अजूनही मानतात. आडनावाचे क्रियापद होऊन ते शब्दकोशात गेले: ‘बोर्क करणे’ म्हणजे संघटित हल्ला चढवून एखाद्याला पदापासून रोखणे. हल्ले झाले हे खरेच. एका पत्रकाराने तर त्यांनी भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी मिळवून छापली. खासगीपणाचा हक्क घटनेत न दिसणाऱ्या माणसाच्या खासगी आयुष्यात असे डोकावले गेले, आणि त्यावरून १९८८ मध्ये अशा नोंदींना संरक्षण देणारा कायदा झाला. तो न्यायालयाने नव्हे, विधिमंडळाने केला, हे बोर्क यांच्या म्हणण्याला धरूनच होते.

तरीही गार्लंड आणि बोर्क ही दोन नावे शेजारी ठेवली की फरक कळतो. बोर्क यांना नकार मिळाला. त्याआधी त्यांचे पाच दिवस ऐकून घेतले गेले आणि प्रत्येक सदस्याला आपल्या नावाने होकार वा नकार नोंदवावा लागला. म्हणून आज, इतक्या वर्षांनी, माझ्यासारखा दूरचा वाचकही तो वृत्तान्त वाचून सिनेटचे चुकले की बरोबर होते, हे ठरवू शकतो. गार्लंड यांच्या बाबतीत वाचायला काहीच नाही. विरोध करणाऱ्याने निदान एवढी किंमत मोजावी: समोरच्याला बोलू द्यावे, आणि मग आपला नकार उभा राहून, नावानिशी द्यावा.