छंद आणि पावतीपुस्तक

जुने टीव्ही दुरुस्त करत बसणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. संच उघडलेला असताना 'हे कशाला?' आणि पडद्यावर चित्र उमटले की 'किती घेता?' पहिल्या प्रश्नाला नुसते हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या रत्नागिरीत टीव्ही रुळायला पुढचे दशक उजाडावे लागले. १९८२ साली रंग आले, १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि ओटीवर मावेनात इतकी माणसे जमू लागली. ईसी, क्राउन, वेस्टन, डायनोरा ही तेव्हाची नावे. लाकडी पेटी, सरकते शटर, वर भरतकामाचे कापड. त्यातल्या कितीतरी पेट्या अजून माळ्यावर आहेत.

कोकणची हवा त्यांना मानवत नाही. खारा दमटपणा पट्टीवरच्या डाखांना खातो, मुंग्या आणि पाली आत बिऱ्हाड करतात. कृष्णधवल संचातही पिक्चर ट्यूबला बारा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. धुळीवर ओल धरली, की हा दाब भलतीकडून वाट काढतो आणि पावसाळ्यात आतून चरचर आवाज येऊन निळी ठिणगी दिसते. निम्मी दुखणी आतून वाळलेल्या कपॅसिटरची असतात. ते काही रुपयांचे. पण नेमका कोणता, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. संच बंद केला तरी ट्यूबमध्ये वीज साठून राहते, म्हणून हौशी वाचकांनी नुसत्या उत्साहावर मागचे झाकण उघडू नये.

बरे, संच चालू झाला तरी दाखवणार काय? दूरदर्शनची जुन्या पद्धतीची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. आता सेट-टॉप बॉक्स आणि त्या संचाच्या मध्ये मॉड्युलेटर बसवावा लागतो, कारण त्या संचाला अँटेनाखेरीज दुसरे दारच नाही. सुटे भाग मिळवायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. जाण्यायेण्याचे भाडे आणि आठ-दहा संध्याकाळींची मजुरी धरली, तर बिल ऐकून गिऱ्हाईक नवा टीव्हीच घेईल. शोभेसाठी जुनी पेटी मागणारे हॉटेलवाले सोडले, तर हा जोडधंदा कागदावर तोट्याचाच.

आमच्या बँकेत याचा निकाल आधीच लागलेला होता. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांसाठी १९७६ साली जे आचारनियम आले, त्यांत परवानगीशिवाय धंदा करायला बंदी आणि अधूनमधून साहित्यसेवा करायला मुभा होती. त्यामुळे माझ्या कादंबऱ्या खपून गेल्या. (दुकानात त्या फारशा खपल्या नाहीत, हा भाग वेगळा.) टेबलाच्या पलीकडे मात्र रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून आलेली मुले बसत. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९८३ मध्ये निघालेल्या योजनेत पंचवीस हजारांपर्यंत कर्ज मिळे. त्या पैशांतून मीटर आला, टेबल आले, पाटी लागली. त्यांतली बरीच मंडळी पुढे मोबाइलकडे वळली. जे उरले, त्यांच्या पोटावर फुकट दुरुस्तीने पाय येतो, हे आम्ही निवृत्त मंडळी सोयीस्करपणे विसरतो.

फुकटात आणखी एक मेख आहे. माझ्या परिचयातल्या एका हौशी गृहस्थांकडे मांडवीच्या एक वहिनी यजमानांच्या मागे राहिलेला संच घेऊन आल्या. यांनी मोठ्या मनाने 'पैशाचं नाव काढू नका' म्हणून टाकले. आठ महिने संच उघडाच. वहिनी दर महिन्याला यायच्या, कधी आमसुले, कधी आंबोशी घेऊन. यांच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, चहा घेऊन परत जायच्या. टीव्हीचा विषय काढायला त्यांची जीभ रेटेना. पैसे मोजले असते, तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी यांना फैलावर घेतले असते.

पैसे घेणाराही काही धुतल्या तांदळाचा नसतो. थकलेल्या ट्यूबला थोडा वेळ जास्त दाब देऊन चित्र उजळवता येते. ते फार टिकत नाही. तेवढ्यात संच गिऱ्हाइकाच्या घरी पोचवून मोकळे होणारे या धंद्यात होतेच. तरी त्यांच्याकडे निदान भांडायला जाता येते.

शेवटी वहिनींच्या भाच्याने तो संच उचलला आणि बाजारातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेला. त्याने चार दिवस मागितले, पाचव्या दिवशी दिला आणि सहाशे रुपये घेतले. पावतीवर खाली त्याने स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते : 'पिक्चर ट्यूबची गॅरंटी नाही.' वहिनींनी ती पावती संचाच्या शटरमागे जपून ठेवली आहे. आमसुले आता तिकडे जातात.