आकाशातली प्रत्येक घार ही घार नसते

शहरात डोक्यावर घिरट्या घालणारा कोणताही मोठा पक्षी दिसला, की त्याला घार म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मंडई, मासळीबाजार आणि कचरा डेपो यांच्या आधाराने मुंबई-पुण्यात घारी चांगल्याच तग धरून आहेत. पण त्याच आकाशात शिक्रा, कापशी, बहिरी ससाणा, सर्पगरुड हे शिकारी पक्षीही वावरत असतात. ओळख नसल्याने ते दिसूनही दिसत नाहीत, आणि उद्या दिसेनासे झाले तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही.

हे शिकारी पक्षी ओळखण्याची सोपी वाट घारीपासूनच सुरू होते. घार नीट ठाऊक झाली, की जे घार नाही ते आपोआप वेगळे दिसू लागते. घारीची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. वळण घेताना सुकाणू फिरवावे तशी ती शेपटी सतत पिळत असते. शेपटी पूर्ण पसरली, की ही खाच जवळजवळ नाहीशी होते, हेही लक्षात ठेवावे. खाडी, बंदर किंवा तलावाच्या काठी दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीची शेपटी मात्र गोल असते. तिचे पांढरे डोके आणि विटकरी अंग सहज ओळखू येते. पिल्लू तपकिरी असल्याने फसवते, तेव्हा शेपटीच खरी खूण ठरते.

रंग शेवटी पाहावा

उजेडाच्या विरुद्ध पाहताना सारेच पक्षी काळे दिसतात. शिवाय नर, मादी आणि पिल्लू यांचे रंगही अनेकदा निराळे असतात. म्हणून आधी शेपटी, मग पंखांचा आकार, त्यानंतर उडण्याची ढब आणि जागा पाहावी. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

सोसायटीच्या बागेत खारी आणि साळुंक्या एकाएकी कलकलाट करू लागल्या, तर जवळपास शिक्रा असण्याची शक्यता असते. कबुतराएवढा हा पक्षी आखूड, गोलसर पंखांनी भरभर उडतो, क्षणभर तरंगतो आणि झाडीत शिरतो. बहिरी ससाण्याचे पंख याउलट लांब आणि टोकदार असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे बहिरी ससाणे उंच इमारती आणि मनोऱ्यांवर बसून कबुतरांवर नजर ठेवतात. त्यांचाच भाऊबंद असलेला शाहीन मात्र इथला रहिवासी असून सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करतो.

शहराची हद्द ओलांडली, की विजेच्या तारांकडे लक्ष द्यावे. पांढरे अंग, खांद्यावर काळा डाग आणि लाल डोळे असलेली कापशी तिथे हमखास भेटते. उंदीर हेरण्यासाठी ती हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते. हिवाळी पाहुणी खरुचीही असेच करते, पण तिची पाठ विटकरी असते.

मोठे पक्षी पाहण्यासाठी फार पहाटे उठण्याची गरज नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली, की गरुड तिच्या आधाराने उंच जातात. साधारण नऊनंतरचा वेळ त्यासाठी चांगला. सिंहगडाच्या परिसरात किंवा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात त्या सुमारास आकाशातून लांबलचक शीळ ऐकू आली, तर मान वर करावी. रुंद पंखांच्या कडेने ठळक पांढरा पट्टा दिसला, तर तो सर्पगरुड.

'पडीक' माळाचे पाहुणे

खरी मेजवानी मात्र पुण्याच्या पूर्वेला सासवड, बारामती, इंदापूर आणि पुढे सोलापूरपर्यंतच्या माळरानांवर असते. मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात इथे उतरतात. पंख किंचित वर उचलून, गवताला जवळपास स्पर्श करत ते संथ उडतात. नाकतोडे, छोटे पक्षी, उंदीर हे त्यांचे खाद्य. त्यांचा रातथाराही झाडावर नसून जमिनीवर, गवतातच असतो.

इथेच अडचण आहे. सरकारी दप्तरी या माळांची नोंद अनेकदा 'पडीक' अशी होते. मग तिथे भूखंड पडतात, कारखाने येतात. वृक्षारोपणाचा चांगला हेतूही इथे उलटतो, कारण माळावर दाट झाडी वाढली, की भोवत्यांना ना शिकार मिळते ना निवारा. शहरातल्या पक्ष्यांपुढचे संकट निराळे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरीही संक्रांतीच्या सुमारास घारी जखमी होतच असतात.

वहीतल्या चार ओळी

दुर्बीण आणि वही एवढ्या साहित्यावर हे निरीक्षण करता येते. घरट्यापासून लांब राहावे. पक्षी ओळखू आला नाही, तरी तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहून ठेवावी. या नोंदींचे मोल गिधाडांनी दाखवून दिले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. ते जुने आकडे हाताशी होते, म्हणूनच पुढच्या दशकातील घसरण आकड्यांनी दाखवता आली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ मध्ये पुढे आले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तोवर पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती.

माळावरच्या भोवत्यांची आज कोणी मोजदाद ठेवली, तर उद्या ते कमी झाल्याचे निदान वेळेत कळेल.