केसपेपरवर काय लिहिले जाते?

आम्ही विडी कामगारांत काम करणारी माणसे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मनोविकारांसारख्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की कागदावर काय चढते आणि काय चढायचे राहते, यावर माणसाचे नशीब कसे फिरते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. विडी वळणाऱ्या बाईने हजार विड्या वळल्या आणि कार्डावर सहाशेच चढल्या, तर उरलेल्या चारशे तिने वळल्याच नाहीत असे ठरते. मजुरी त्यावर, भविष्यनिर्वाह निधीही त्यावरच.

काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला होता. कारण काय, तर बायको वेडी आहे. पुरावा म्हणून एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातले कागद जोडले होते. आम्ही ते एका ओळखीच्या डॉक्टरांकडून वाचून घेतले. झोप नाही, रडते, चिडते, छातीत धडधडते, दोनदा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली. माहिती देणारा: पती. माहिती विश्वासार्ह व पुरेशी. घरची परिस्थिती: किरकोळ कौटुंबिक वाद. बस्स, एवढेच. आणि ती बाई तर आमच्यासमोर बसून मनगटावरचा जुना डाग दाखवीत होती. आम्ही विचारले, "डॉक्टरांना हे सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "कसं सांगू अण्णा? मालक शेजारीच बसले होते की."

आता डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ही पद्धत का पडली, तेही समजून घेतले पाहिजे. काही मानसिक आजारांत रोग्याला स्वतःची हकिगत नीट सांगता येत नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाला विचारायचे, आणि त्याचे सांगणे कितपत भरवशाचे आहे याचा शेरा मारायचा, असा मानसोपचाराच्या टिपणातला रिवाज आहे. रिवाज वाईट नाही. परंतु ज्याने मारले तोच माहिती देणारा असेल, तर त्या शेऱ्याचा अर्थ काय उरतो? कारखान्यातल्या अपघाताची चौकशी एकट्या मुकादमाच्या जबानीवर संपवावी, तसलाच हा प्रकार.

आणि ही गोष्ट विरळा नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 29 जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 25 आहे. सततच्या मारहाणीने आणि धाकाने झोप उडते, मन खचते, माणूस बारीक आवाजालाही दचकतो. म्हणजे मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकावर बसलेल्या बायकांत अशा किती असतील, याचा अंदाज आपण करावा. डॉक्टर दुखणे लिहितात, गोळी लिहितात. दुखण्याचे कारण मात्र घरी राहते, आणि बाई गोळ्या घेऊन त्याच घरी जाते.

मग लिहावे काय? प्रथम म्हणजे बाईशी एकटीने बोलावे. नवरा, सासू, प्रसंगी आईसुद्धा बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एकांताचा हाच आग्रह आहे. ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहावे. 'पतीशी पटत नाही' असे नव्हे, तर 'रुग्ण सांगते की, गेल्या रविवारी रात्री पतीने पट्ट्याने पाठीवर मारले' असे. कोणी, कधी, कशाने, कुठे. अंगावर खूण असेल तर तिची जागा, आकार आणि रंग. त्यानंतर झोप कधीपासून गेली, भीती कधीपासून बसली, हेही त्याच ओघात यावे, म्हणजे मारहाण आणि दुखणे यांचा संबंध वाचणाऱ्याला दिसतो. आणि बोलणे एकटीशी झाले की कोणासमोर, याची एक ओळ हवीच.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतात, "आम्ही पाहिले नाही, ते कसे लिहावे?" त्यांची अडचण खरी आहे, पण कोणी त्यांना निवाडा मागत नाही. 'ती सांगते की' एवढे तीन शब्द घातले की डॉक्टरांचे सत्य राखले जाते आणि तिचेही. उलट 'ती आरोप करते', 'तिच्या म्हणण्यानुसार तथाकथित' असले शब्द वापरले, की निवाडा न मागता दिला गेला असे होते.

एक पेच मात्र आमच्या ध्यानात उशिरा आला. आपल्याकडे बाह्यरुग्णाचा केसपेपर रोग्याच्याच हाती देतात. तो पिशवीतून घरी जातो, आणि घरी तो वाचायला कोण बसलेला असतो हे सांगायला नको. म्हणून सविस्तर हकिगत रुग्णालयात राहणाऱ्या नोंदीत लिहावी, हाती जाणाऱ्या कागदावर नव्हे. आणि कुठे काय लिहायचे हे तिला विचारून ठरवावे. आम्ही पूर्वी सभांतून 'सगळे लिहून घ्या' असे ओरडून सांगत असू. ती आमची चूक होती.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्याहून पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे घरगुती घटनेचा अहवाल आधी झाला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो ठरलेल्या नमुन्यात भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणीची प्रत बाईला फुकट द्यायची असते. किती ठिकाणी हे होते, ते आपण आपल्या गावच्या दवाखान्यात विचारून पाहावे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि 'सेहत' संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र काढले. सरकारी यंत्रणेत राहून हे काम करता येते, हे त्याने दाखवले.

दाव्याचे म्हणाल, तर 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे की, नुसते आजाराचे नाव लावल्याने घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे ते पाहावे लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आणखी एक सोय आहे. न्यायालयात कोणी मानसिक आजाराचा पुरावा पुढे केला आणि दुसऱ्या बाजूने हरकत घेतली, तर न्यायालयाने ती बाब पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायची असते. आमच्या त्या बाईच्या वकिलालाही हे ठाऊक नव्हते. पुढे तिला आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे नेले. बाईंनी तिला आत घेऊन नवऱ्याला दाराबाहेर बसवले आणि पाऊण तास ऐकून लिहून घेतले. तो कागद आता जुन्या कागदाशेजारी न्यायालयात आहे. खटला अजून चालू आहे.

त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट. सज्ञान रोग्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, आणि त्या प्रतिनिधीला आजाराची व उपचारांची माहिती मागता येते. कोणी नेमलेच नाही, तर ही जागा बहुधा नातेवाइकाकडे, म्हणजे आपल्याकडे नवऱ्याकडेच जाते. नेमणुकीला स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर बहिणीचे, आईचे किंवा मैत्रिणीचे नाव लिहून खाली सही करायची. सही येत नसेल तर अंगठा चालतो, आणि मन बदलले तर नाव केव्हाही बदलता येते. आमच्या कचेरीत असे कोरे कागद टेबलाच्या डाव्या खणात ठेवलेले असतात.